पाठकोरा रिपोर्ट

संपादक साहेब, नमस्कार,

गेल्या आठवड्यात सासऱ्यांच्या हर्नियाच्या ऑपरेशनआधीच्या टेस्ट करायला आमच्या इथल्या एका लॅबमध्ये गेलो होतो. रिपोर्ट कधी मिळेल ते काउंटरवरच्या मुलीने एका कागदावर लिहून दिलं, घरी येऊन कागद उलटा केला तर मागे कुठल्यातरी बाईंचा थायरॉइडचा रिपोर्ट, नाव, वय, मोबाईल नंबर सगळं छापलेलं. पाठकोरा कागद वाया जाऊ नये म्हणून वापरलेला!

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट घ्यायला गेलो तर त्याहून मजा. सासऱ्यांना ऐकायला कमी येतं, मग तिथल्या माणसाने भरल्या हॉलमध्ये दोनदा ओरडून सांगितलं, "काका, एचआयव्ही निगेटिव्ह आहे!" सासरे हसले, पण शेजारी पावती हातात धरून बसलेला एक पोरगा गपचूप उठून बाहेर पायरीवर जाऊन उभा राहिला.

आता २०१७ चा एचआयव्हीचा कायदा म्हणतो की रुग्णाची ही माहिती त्याच्या संमतीशिवाय सांगायची नाही, मोजके अपवाद सोडले तर. डॉक्टरांसाठी २००२ चे नियम आहेत, त्यातही पेशंटची गुपितं बाहेर काढायची नाहीत असंच लिहिलंय. २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा तर २५० कोटींपर्यंत दंडाची भाषा करतो, त्याचे नियमही नोव्हेंबर २०२५ ला आले, पण बऱ्याचशा तरतुदी लागू व्हायला त्यानंतर दीड वर्षाची मुदत, म्हणजे तोपर्यंत पाठकोरे कागद चालू.

डेटा लीक म्हटलं की आपल्याला हॅकर आठवतो. २०२२ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर बंद पडले, कित्येक दिवस सगळं कागदावर चाललं, ते मोठंच प्रकरण होतं, मान्य. पण आमच्या गावात हॅकरची गरजच काय, काउंटर पुरेसं आहे. रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात तोही रिसेप्शनिस्टच्या स्वतःच्या मोबाईलवरून, उद्या ती नोकरी सोडून गेली की शेकडो लोकांचे रिपोर्ट तिच्या गॅलरीत, तिच्या बहिणीच्या लग्नाच्या फोटोंशेजारी. यात त्या मुलीचा दोष नाही, तिला हे कोणी शिकवलेलंच नाही आणि मालकाने वेगळा फोन दिलेला नाही.

आणि गंमत बघा, आपलीच फाईल आपण मागितली की मात्र यांना सगळे नियम आठवतात, अर्ज करा, मोठे डॉक्टर आल्यावर बघू, उद्या या. खरं तर त्याच २००२ च्या नियमांत रेकॉर्ड मागितल्यापासून ७२ तासांत द्यायचं आहे.

मी तो कागद परत नेऊन दाखवला. ती मुलगी ओशाळली, सॉरी दादा म्हणाली, कागद घेतला, आणि परत त्याच गठ्ठ्यात ठेवला.

– आपला एक वाचक, सातारा