नाव न घेता, पण मनापासून

मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे लोकल थांबल्या आणि आठवड्याभरात माझी हातातली कामंही गेली. मराठीत विज्ञान लिहून घर चालवणारी मी, दादरच्या दीड खोलीत फोन धरून बसले होते. तेव्हा ज्यांनी हात दिला, त्यांचे आभार मानायचे राहूनच गेले.

जुलैअखेर मुंबईतल्या तीन वॉर्डांच्या सिरो सर्वेक्षणाचे, म्हणजे लोकांचं रक्त तपासून केलेल्या पाहणीचे, आकडे आले. झोपडपट्टीत सुमारे 57 टक्के, बाहेर 16 टक्के लोकांच्या रक्तात अँटिबॉडी, म्हणजे विषाणूशी लढायला शरीराने तयार केलेली प्रथिनं. मी ‘57 टक्के लोक आजारी’ असं लिहून बसले होते! सर, रात्री साडेअकराला रडणाऱ्या बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत तुम्ही मला पाऊण तास समजावलंत: हे आज आजारी असलेले नव्हेत, कधीतरी संसर्ग होऊन गेलेले, आणि तीन वॉर्ड म्हणजे अख्खी मुंबई नव्हे. तो लेख तुमच्यामुळे वाचला.

डॉक्टर ताई, पीपीई किट उतरवल्यावर तुम्ही माझा आरटी-पीसीआर या कोरोना चाचणीवरचा मसुदा ऐकून घ्यायचात. “निगेटिव्ह म्हणजे आजार नाहीच, असं लिहू नकोस गं. लोक म्हाताऱ्या आईवडिलांजवळ जाऊन बसतील.” ते तसंच लेखात गेलं.

शोधनिबंध शोधून पाठवणारे ग्रंथपाल, तुमचेही आभार.

आणि संपादक काका, लेख हाती येण्याआधीच तुम्ही मानधन पाठवलंत, वर ‘घाई नाही’ एवढंच लिहिलंत. त्या महिन्याचं भाडं त्यातून गेलं. हे तुम्हाला आजवर सांगितलं नव्हतं.