वरकसातला नरक्या

डरहॅम, नॉर्थ कॅरोलायना
१२ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप दादास,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी तू आपल्या वरकस जमिनीतली नरक्याची झाडं विकण्याचं बोललास तेव्हा मला फोनवर नीट उत्तर देता आलं नाही. एजंट झाडं मुळासकट काढून नेणार, मजुरी-वाहतूक त्याची, पैसे रोख. आईच्या उपचारांचं कर्ज डोक्यावर असताना तुला तो सौदा बरा वाटला, यात तुझं काही चुकलं नाही. तरी त्याला होकार देण्याआधी हे पत्र पूर्ण वाच. आईलाही वाचून दाखव, तिच्या एका प्रश्नाचं उत्तर यात आहे.

पॅक्लिटॅक्सेल या कर्करोगावरच्या औषधाच्या दुसऱ्या डोसाला तिने मला व्हिडिओ कॉलवर विचारलं होतं, "सलाईनमधून देतात ते कशाचं गं करतात?" मी "केमिकल असतं" म्हणून विषय संपवला. तेव्हा मलाच माहीत नव्हतं. आई, ते एका झाडाच्या सालीत सापडलं. १९६२ साली इथल्या वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलात आर्थर बार्कले नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने यू नावाच्या झाडाची साल गोळा केली. तऱ्हेतऱ्हेच्या वनस्पती कर्करोगावर तपासून बघायचं काम तेव्हा सरकारने काढलं होतं. लाकूडतोड्यांच्या लेखी यू म्हणजे कचरा. मोठी झाडं नेली की उरलेल्या फांद्यांबरोबर तो जाळून टाकायचे.

ती साल आली मी राहते तिथे, माझ्या ऑफिसच्या वाटेवरच्या एका संशोधन संस्थेत. मनरो वॉल आणि मनसुख वाणी या दोघांनी तिच्यातून औषध वेगळं केलं आणि १९७१ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. दादा, वाणी नंदुरबारचे! १९२५चा जन्म, मुंबई विद्यापीठातून एम.एस्सी. आईच्या हाताला लावलेल्या त्या बाटलीत खानदेशातल्या माणसाचे कष्ट होते, हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही.

औषधाचं काम असं चालतं. पेशी दुभंगताना आत बारीक नळ्यांचा मांडव घालते आणि काम झालं की तो सोडते. हे औषध त्या मांडवाच्या गाठी सुटूच देत नाही. पेशी अर्ध्यात अडकते आणि मरते. सुझन हॉर्विट्झ यांनी १९७९ साली हे दाखवलं. त्याआधी असं काम करणारं औषध कोणाच्या माहितीत नव्हतं. ते औषध पाण्यात विरघळत नाही, म्हणून एरंडेलापासून केलेल्या द्रावणात देतात. त्या द्रावणाची ॲलर्जी येऊ नये यासाठी आईला आधी ती इंजेक्शनं देत होते.

आता हिशेब बघ. पूर्ण वाढलेल्या यूच्या सगळ्या सालीतून जेमतेम अर्धा ग्रॅम औषध निघतं, आणि साल सोलली की झाड मरतं. आईच्या बारा डोसांना तीनेक झाडं लागली असती. १९९२ला औषधाला मंजुरी मिळाली तेव्हा एवढी झाडं आणायची कुठून हाच मोठा घोर होता. वाट निघाली ती युरोपातल्या यूच्या पानांतून. पानातलं एक द्रव्य घेऊन पुढचं काम प्रयोगशाळेत करता आलं, आणि पानं पुन्हा फुटतात. अर्थात पानंसुद्धा ओरबाडली तर झाड टिकत नाही. आपल्या हिमालयातल्या यूचे तसेच हाल झाले.

आणि नरक्या? वॉल-वाणींनी त्याआधी, १९६६ला, एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य काढलं होतं. त्यावरून बनलेली दोन औषधं १९९६पासून अंडाशयाच्या आणि आतड्याच्या कर्करोगावर देतात. तेच कॅम्प्टोथेसिन १९७२ साली भारतातल्या संशोधकांना आपल्या नरक्यात सापडलं, तेही चिनी झाडापेक्षा कितीतरी जास्त. घाण वास येतो म्हणून लहानपणी आपण ज्याच्या वाऱ्याला उभं राहत नव्हतो, ते हे झाड. एजंट मुळं मागतो, कारण मुळांत ते भरपूर असतं. सह्याद्रीत अशी चोरटी तोड इतकी झाली की कित्येक रानांतून नरक्या नाहीसा झाला. तुला मिळतील ते पैसे एकदाच मिळतील, आणि मूळ गेलं की फुटवाही येणार नाही.

मला सगळ्यात जास्त सलतं ते वेगळंच. नरक्यातलं एक द्रव्य कळलं म्हणून त्याच्यामागे लोक लागले. त्याच्या शेजारच्या ज्या झुडपांना आपण नावसुद्धा दिलेलं नाही, त्यांच्यात काय आहे ते कोणी पाहिलेलं नाही. जेसीबी घालून मुळं काढली की तीही जातील. यू जाळणाऱ्यांनाही आपण काय जाळतो ते ठाऊक नव्हतं.

तेव्हा एजंटाला नाही म्हणून सांग. परवानगीचं विचारलं तर तो आपसूक मागे हटेल. कर्जाचे पुढचे सहा हप्ते मी भरते, महेशच्या आणि माझ्यात बोलणं झालंय, वहिनींनी संकोच करू नये. फळं पिकली की बिया जमव आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठात रोपांचं विचारून बघ. झाडं किती उरलीत तेवढी एकदा मोजून मला कळव.

आईचे केस परत यायला लागलेत म्हणालास. फोटो पाठव.

तुझी,
सुमी