चष्मा नीट बसवून दिल्याबद्दल

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

बाहेरून आणलेला चष्मा घेऊन आपल्या दुकानाची पायरी चढताना मला फार संकोच वाटत होता. लांबचे आणि जवळचे एकाच काचेतून दिसणाऱ्या प्रोग्रेसिव्ह काचांचा भाव आपल्याकडेच विचारून मी परत गेले होते आणि नंतर ऑनलाइन 2,400 रुपयांत चष्मा मागवला होता. तरीही आपण माझ्यासाठी पाऊण तास दिलात आणि एक रुपयाही घेतला नाहीत, म्हणून हे पत्र.

त्याआधीचे नऊ दिवस फार त्रासाचे गेले. शाळेचा जिना उतरताना पायऱ्या हलल्यासारख्या वाटत, आणि वह्या तपासताना हनुवटी इतकी वर करावी लागे की संध्याकाळपर्यंत मान अवघडून जाई. स्वस्तातले घेतले म्हणून हे भोगावेच लागणार, अशी मी मनाची समजूत घातली होती.

आपण मात्र काच उजेडात तिरकी धरून तिच्यावरच्या, एरवी न दिसणाऱ्या कोरीव खुणा शोधल्यात, त्यांवर मार्करने ठिपके दिलेत आणि चष्मा मला घालायला लावून अगदी समोर बसलात. बुबुळांमधले अंतर बरोबर निघाले. चुकली होती ती उंची. नाकावरचे पॅड फाकलेले असल्यामुळे फ्रेम घसरत होती आणि बुबुळासमोर यायची खूण 3 मिलिमीटर खाली राहत होती. आपण बारीक पकडीने पॅड जवळ आणलेत, काड्या कानामागे वळवल्यात आणि काचांची खालची कड गालाकडे किंचित झुकवलीत. अंतरच चुकले असते, तर पकडीने काही साधले नसते आणि काचा परत करायलाच सांगितले असते, हेही आपण स्पष्ट बोललात. त्या स्पष्टपणामुळे माझा विश्वास बसला.

लांबचा, मधला आणि वाचनाचा नंबर एकाच काचेत रेघ न दिसता बसवला की खालच्या भागात दोन्ही बाजूंना धूसरपणा येतो, महागड्या काचेत तो कमी असतो पण पुरता जात नाही, हे मला तोवर कुणीच सांगितले नव्हते. जे पाहायचे तिकडे नुसती नजर न वळवता नाक वळवायचे, जिना उतरताना हनुवटी खाली घेऊन काचेच्या वरच्या भागातून पायरी पाहायची आणि दोन आठवडे जुन्या चष्म्याला हात लावायचा नाही, या आपल्या तीनही सूचना मी कसोशीने पाळल्या. पहिले चार दिवस डोके जड होई. नंतर तेही थांबले.

काल सहावीच्या 42 वह्या मी मान सरळ ठेवून तपासल्या, आणि मधेच वर पाहिले तेव्हा शेवटच्या बाकावरच्या मुलीचा चेहरा स्पष्ट दिसला.

डाव्या काडीचा स्क्रू थोडा सैल वाटतो आहे. शनिवारी शाळा सुटल्यावर येईन. त्या वेळी मात्र आपण दोन्ही दिवसांच्या कामाचे पैसे घ्यावेत, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
सहावीच्या वर्गाची बाई