मँचेस्टरच्या चिकणमातीत मळा करायला शिकवणाऱ्या काकूंस

ती. काकूंस सप्रेम नमस्कार,

पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहोत. यंदा मँचेस्टरमध्ये कौन्सिलची अलॉटमेंट, म्हणजे भाजीपाला लावायला भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा, हाती आलेल्या नव्या मराठी मंडळींनाही तुमची शिकवण लागणार आहे. तुमचे आभार मानता मानता ती पुढे द्यावी, एवढाच हेतू.

पहिले आभार वाफशाचे, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी, कामाजोगी होईपर्यंत थांबायला शिकवल्याचे. मार्चमध्ये दोन दिवस ऊन पडलं की नवा माणूस फावडं घेऊन धावतो. इथली माती चिकण आणि थंडीभर भिजलेली. ओलीच तुडवली तर तिच्यातल्या हवेच्या पोकळ्या दबतात, पाणी खाली उतरत नाही आणि जूनमध्ये ढेकळं कुदळीलाही दाद देत नाहीत. तुमची परीक्षा सोपी: मूठभर माती तळहातावर वळायची. चकचकीत वळी झाली तर घरी जायचं. दाबल्यावर भुगा झाला तर कामाला लागायचं. अगदीच अडलं तर फळी टाकून तिच्यावर उभं राहायचं.

दुसरी परीक्षा निचऱ्याची. तीस सेंटिमीटर खोल खड्डा पाण्याने भरून ठेवायचा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसलं तर सपाट जमिनीत काही लावायचं नाही, गादीवाफा करायचा. रुंदी 1.2 मीटर, म्हणजे दोन्हीकडून हात पोचतो आणि आत पाय पडत नाही. उंची 15 ते 20 सेंटिमीटर. असा 2.4 मीटर लांबीचा, 15 सेंटिमीटर उंच वाफा भरायला सुमारे 430 लिटर माल लागतो, म्हणजे पन्नास लिटरच्या जवळजवळ नऊ पिशव्या. तुमची युक्ती खिशाला परवडणारी: दोन वाफ्यांमधल्या वाटेची वरची चांगली माती काढून वाफ्यावर टाकायची, वाटेत लाकडाचा चुरा भरायचा आणि कंपोस्ट निम्मंच विकत आणायचं. वाट खाली गेल्याने पाणीही तिकडेच उतरतं.

आपल्याकडची आळं करायची सवय तुम्ही मोडायला लावलीत, तेही बरं झालं. इथे आळ्यात पाणी साचून बुंधा कुजतो. रोज झारी फिरवायचीही गरज नसते; बोट पाच सेंटिमीटर खुपसून कोरडं लागलं तरच पाणी, आणि तेही सकाळी. संध्याकाळची ओल म्हणजे गोगलगायींना आमंत्रण.

गोगलगायींबद्दल मात्र थोडं भांडायचं आहे. जमीन न खणता पुठ्ठा अंथरून वर जाड कंपोस्ट टाकायची तुमची पद्धत तण मारते, हे खरं. पण ओलसर पुठ्ठ्याखाली बिनशंखाच्या गोगलगायींना घरच मिळतं. म्हणून पुठ्ठा शरद ऋतूत टाकावा, वसंतात नको, असं आमचं मत. अंड्याची टरफलं आणि तांब्याची पट्टी यांवर तुमचा विश्वास नव्हताच; आरएचएस (रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी) या बागकामाच्या संस्थेने 2018 मध्ये लेट्यूसवर हे उपाय करून पाहिले, तेव्हाही काही फरक दिसला नाही. गोगलगायी मारणाऱ्या मेटाल्डिहाइडच्या निळ्या गोळ्यांवर ग्रेट ब्रिटनमध्ये मार्च 2022 च्या अखेरीपासून बंदी आहे. उरतात फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या आणि सूत्रकृमी, म्हणजे पाण्यातून मातीत सोडायचे, गोगलगायींना मारणारे सूक्ष्म कृमी. सूत्रकृमींसाठी मातीचं तापमान पाच अंशांच्या वर आणि माती ओलसर हवी. एका मात्रेचा परिणाम साधारण सहा आठवडे टिकतो. सगळ्यात खात्रीचं म्हणजे रोपं कुंडीत चांगली धरेपर्यंत वाढवून मगच बाहेर लावणं. कोवळं रोप एका रात्रीत फस्त होतं.

बी कधी पेरायचं ते कॅलेंडर पाहून ठरवू नका, मातीत थर्मामीटर खुपसा, हेही तुमचंच. थंड, ओल्या मातीत बी उगवण्याआधी कुजतं. बहुतेक भाज्यांना सात अंश पुरतात, फ्रेंच बीनला बारा लागतात. फ्रॉस्ट, म्हणजे रोपं गोठवणारं हिमतुषार, मे महिन्याच्या मध्यापर्यंतही पडू शकतो. म्हणून कोर्जेट (झुकिनी) आणि रनर बीन (वेलीचा घेवडा) मेअखेरीस बाहेर काढायचे, तेही आधी दहा-बारा दिवस दिवसा बाहेर, रात्री आत असं करून. भेंडीचा हट्ट मात्र ग्रीनहाउस असेल तरच.

बटाट्यात तुमचा हिशोब फार उपयोगी पडतो. 'फर्स्ट अर्ली', म्हणजे सगळ्यात लवकर तयार होणारे वाण मार्चअखेर ते एप्रिलमध्यात लावायचे: दोन बेण्यांत 30 सेंटिमीटर, दोन ओळींत 60, खोली 12. कोंब वीतभर झाले की मातीची भर. जूनअखेर-जुलैत काढणी, म्हणजे करप्याचा (पाला आणि बटाटे कुजवणाऱ्या रोगाचा) जोर वाढण्याआधी पीक घरात. लागोपाठ दोन दिवस किमान तापमान दहा अंश किंवा जास्त आणि दोन्ही दिवशी किमान सहा तास हवेतली आर्द्रता 90 टक्के किंवा जास्त, की करप्याचा धोका. डाग दिसलेच तर पाला जमिनीलगत कापून हलवायचा आणि दोन आठवडे थांबून बटाटे काढायचे, नाहीतर पाल्यावरचे बीजाणू बटाट्याला लागतात. उशिराचं पीक हवंच असेल तर 'सार्पो मिरा' हा करप्याला चांगला तोंड देणारा वाण. टोमॅटोलाही हाच करपा लागतो, त्यामुळे त्याला छप्पर हवं.

मेथीचं काय सांगायचं? मेमध्यापासून ऑगस्टपर्यंत वाण्याकडचेच दाणे एक सेंटिमीटर खोल पेरायचे, पाचेक आठवड्यांत जुडी तयार. कोथिंबिरीचं रोप हलवायचं नाही, हलवलं तर ती लगेच फुलावर जाते. दर तीन आठवड्यांनी थोडी थोडी जागेवरच पेरायची.

ऑक्टोबरात लसूण लावायच्या वेळी या. निचऱ्याचा वाफा तयार ठेवतो, पाकळ्या 15 सेंटिमीटरवर लावू आणि पुठ्ठ्याचं भांडण तिथेच मिटवू.

लोभ आहेच, तो वाढावा.

अलॉटमेंटवरचे तुमचे शेजारी