पैसे जरूर पाठव, पण आधी त्या मुलाच्या आईची चौकशी कर

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचून फार बरं वाटलं रे, दर महिन्याला एका अनाथ मुलाचा खर्च उचलायचा असं तू आणि वहिनींनी ठरवलंत, आता कुठल्या संस्थेला द्यायचे विचारलंस म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

परदेशातल्या माणसाने एकेका मुलाला स्पॉन्सर करायचं ही पद्धत जोरात पसरली ती कोरियन युद्धानंतर. वर्ल्ड व्हिजन ही संस्था १९५० ची, कम्पॅशन १९५२ ची, दोन्ही अमेरिकन धर्मप्रचारकांनी काढलेल्या. त्यातला कम्पॅशन काढणारा एव्हरेट स्वॉन्सन सांगायचा की कोरियात थंडीच्या एका सकाळी मजूर रस्त्यावरचे चिंध्यांचे ढीग उचलून ट्रकमध्ये टाकत होते, तो जवळ गेला तर ती रात्रीत गारठून मेलेली पोरं होती. हे वाचल्यावर मला तर जेवण गेलं नाही. आणि डिसेंबर १९५० मध्ये चिनी फौजा राजधानी सोलकडे येत असताना रसेल ब्लेसडेल या हवाई दलातल्या पाद्र्याने ट्रक मिळवून हजाराच्या आसपास पोरं किम्पो विमानतळावर नेली आणि तिथून विमानांनी जेजू बेटावर पोचवली!

पण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हान क्युंग-जिक या कोरियन पाळकांचं काम. त्यांच्या यंगनाक चर्चने युद्धातल्या विधवांना मुलांसकट राहायला जागा दिली. मुलांसकट, हे महत्त्वाचं, कारण अनाथाश्रमातल्या कितीतरी मुलांची आई जिवंत होती, फक्त तिच्याकडे खायला घालायला काही नव्हतं. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात बघ, अनाथ आणि विधवा एकाच वचनात आहेत. हे सुटलं की काय होतं तेही कोरियातच दिसलं, होल्ट या अमेरिकन दांपत्याने १९५५ मध्ये ८ कोरियन मुलं दत्तक घेतली ती मनापासूनच, पण पुढे परदेशी दत्तकाचा नुसता ओघ लागला आणि २०२५ मध्ये तिथल्याच सत्य आणि सलोखा आयोगाने सांगितलं की आईवडील माहीत असलेल्या मुलांचीही कागदोपत्री अनाथ म्हणून नोंद झाली होती. त्या आयांचं काय झालं असेल रे?

म्हणून संस्थेला आधी विचार की या मुलाची आई, आजी, मामा कोणी आहे का आणि असेल तर पैसे त्या घरापर्यंत जातात का. नुसते नव्या बिल्डिंगचे फोटो पाठवणाऱ्यांना मी तरी देणार नाही. तू बघितलेल्या संस्थांची नावं पाठव, रविवारी उपासना सुटली की त्यांचे रिपोर्ट आपण एकत्र बसून वाचू, वहिनींनाही घेऊन ये.

तुझाच