एका सुराचा दोरा

मा. संपादक,

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं, की आजची पोरं कानात काहीतरी परदेशी घालून फिरतात ज्याला ना सूर ना ताल. ते वाचून राहवलं नाही, कारण मी स्वतः फोंडा-पणजी बसमध्ये रोज तेच करते आणि सध्या जे ऐकतेय ते तर अख्खंच्या अख्खं एका सुरावर उभं आहे.

कामिय नावाची पॅरिसची गायिका आहे, तिने माजिकर या इंग्रज संगीतकाराला सोबत घेऊन २००५ मध्ये एक अल्बम केला, ल फिल. म्हणजे दोरा. आता या अल्बमात पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच सूर धरून ठेवलाय, एक गाणं संपतं दुसरं सुरू होतं पण तो तुटत नाही. मी घरी पेटीवर लावून बघितलं तर पांढरी सात, म्हणजे सातवी पांढरी पट्टी. वाद्यं म्हणाल तर डबल बास, म्हणजे ते उभं धरायचं मोठं तंतुवाद्य, आणि थोडा कीबोर्ड, बाकी सगळा गळाच, तीच गाते, तीच मागे कोरस धरते, तोंडानेच ठेका, कुठे नुसता श्वास, कुठे ओठांचा फटकारा. त्याच वर्षी तिला फ्रान्समध्ये प्री कॉन्स्टँटिन हे मोठं बक्षीसही मिळालं.

मला सगळ्यात भिडलं ते नाव. आमच्याकडे आजीचा तंबोरा आहे आणि तो लावताना ती घोडीवर तारेखाली सुती दोरा घालायची, जवारीचा. तो नखाने तिळभर इकडे, तिळभर तिकडे करत राहायची, तार नुसती ठण्ण वाजत असायची आणि मग एका जागी दोरा आला की तीच तार अशी गुंजायला लागायची की खोली भरून जायची, आजी मान हलवायची आणि दोऱ्याला परत हात लावायची नाही. कामियला हे माहीत होतं का नव्हतं मला ठाऊक नाही पण तिनेही सुराला दोराच म्हटलं.

भाषा कळत नाही म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते, आपल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून अंतराळात पाठवली, ती तिथे कोणाला तरी पोचेल या विश्वासानेच ना? मग पॅरिसचं गाणं फोंड्यात का पोचू नये.

माझी विनंती आहे की रविवारच्या पुरवणीत नाट्यसंगीत आणि मैफलींच्या बातम्यांसोबत अशा संगीतावरही अर्धं पान द्या, आणि ते गाणाऱ्या माणसाकडून लिहून घ्या, ज्याला षड्ज म्हणजे काय ते कळतं. तुमचे वाचक ऐकतील, मला खात्री आहे.

ल फिलमधलं शेवटचं गाणं संपल्यावर तो सूर एकटाच अर्ध्या तासाच्या वर चालू राहतो. परवा संध्याकाळी मी तो स्पीकरवर तसाच ठेवला होता, आई देवाकडे दिवा लावत होती, आतूनच म्हणाली, तानपुऱ्याचं मशीन लावलंस काय गो, जरा मोठं कर.

आपली,
एक वाचक, फोंडा