गळाचे काटे मोडणाऱ्या काकांना

तीर्थस्वरूप काका,
सादर नमस्कार.

एव्हाना तुम्ही आचऱ्याला पोचून स्थिरस्थावर झाला असाल. निघण्याच्या गडबडीत तुमचे आभार मानायचे राहून गेले. फोन केला तर ‘त्यात काय एवढं’ म्हणून तुम्ही विषय बदलाल, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून लिहिते आहे, आणि मुद्दाम चारचौघांत लिहिते आहे. तुम्ही काय केलंत ते इथल्या आपल्या माणसांनाही कळू दे. ज्यांनी मुलांच्या मासेमारीच्या दिवसासाठी ग्रुपवर ‘नक्की येतो’ असं लिहिलं आणि त्या सकाळी फोनही उचलला नाही, त्यांना तर कळूच दे.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. डॅलसच्या पूर्वेकडच्या गावांमधला आमचा हा बास मासेमारीचा क्लब. लार्जमाउथ बास हा गोड्या पाण्यातला, मोठ्या जबड्याचा मासा, आणि टेक्ससमध्ये त्याच्यापायी माणसं अक्षरशः वेडी होतात. आमच्या टूर्नामेंट होतात त्या लेक फोर्कवर. 1980 मध्ये धरण बांधून हा तलाव झाला. त्यातली बुडालेली झाडं तशीच उभी ठेवली, फ्लोरिडाच्या जातीचे बास सोडले, आणि 1992 च्या जानेवारीत तिथेच 18.18 पौंडांचा, म्हणजे जवळजवळ सव्वाआठ किलोचा बास लागला. राज्याचा तो विक्रम अजून टिकून आहे. तलावाचा नियमही कडक आहे. 16 ते 24 इंचांमधला बास ठेवून घ्यायचा नाही, तिथल्या तिथे पाण्यात सोडायचा. हे ऐकून तुम्ही मला विचारलं होतंत, “मगे धरतत कित्याक?” आणि मी सांगत गेले तसं तुम्ही सगळं नीट ऐकून घेतलंत. इतकं लक्ष देऊन आमच्या क्लबातले लोकही ऐकत नाहीत.

क्लब चालवणं म्हणजे बाहेरच्यांना ट्रॉफी आणि फोटो दिसतात. बाकी सगळी परवानग्यांची, विम्याच्या कागदांची, बर्फाच्या पिशव्यांची आणि वजनकाट्याची धावाधाव. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझा जीव अडकलेला असतो तो वर्षातल्या एकाच कार्यक्रमात, मुलांच्या मासेमारीच्या दिवसात. जूनच्या पहिल्या शनिवारी टेक्ससमध्ये कोणालाही परवान्याशिवाय मासे धरता येतात. 17 वर्षांखालच्या मुलांना तर एरवीही परवाना लागत नाही, पण त्या दिवशी आईबापांनाही हातात रॉड घेता येतो. म्हणून आम्ही तो दिवस धरतो. गावातलं तळं, तीरावर सावली, पाण्यात राज्याच्या खात्याने सोडलेले कॅटफिश, काठाला ब्लूगिल नावाचे छोटे मासे. ज्या घरांत बोट नाही, बोट ओढायला गाडी नाही, मासेमारीवर खर्च करायला पैसे नाहीत, त्या घरांतली मुलं येतात. माझ्या मते आमच्या क्लबाचं खरं काम एवढंच आहे. टूर्नामेंट आम्ही नाही घेतल्या तर दुसरं कोणी घेईल.

काही वर्षांपूर्वी, मी नुसती सभासद होते तेव्हा, याच दिवशी एका मुलाच्या तळहातात गळ रुतला. गळाच्या टोकामागे उलटा काटा असतो, माशाच्या तोंडातून गळ निसटू नये म्हणून. माणसाच्या हातात तो शिरला की मागे ओढता येत नाही, ओढला तर मांस फाडतो. पोर किंचाळत होतं, आईचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि त्या वेळी कारभार बघणारा माणूस म्हणाला, मासेमारी म्हटली की हे व्हायचंच. पुढे ते दवाखान्यात गेले. इथल्या इमर्जन्सीचं बिल काय येतं ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. त्या घराला नंतर क्लबातून कोणी साधा फोनही केला नाही. ते लोक पुन्हा कधी तळ्यावर दिसले नाहीत. मला त्याचा राग आजही येतो.

यंदा मुलांसाठी रॉड द्यायचं कबूल केलेल्या दुकानाने आदल्या दिवशी दुपारी नकार कळवला. पत्रकावर त्यांचं नाव छापून झालं होतं, ते मात्र त्यांनी काढायला सांगितलं नाही. मग जुने रॉड गोळा करून, स्वस्तातल्या गळांची पाकिटं आणून आम्ही आमच्या गॅरेजमध्ये रात्री सगळं जुळवायला बसलो. तुमच्या मुलाने तुम्हाला सोबत आणलं ते नुसतं घरी एकटे बसून कंटाळू नये म्हणून.

मी चहा घेऊन आले तर तुम्ही कोपऱ्यात उलट्या बादलीवर बसला होतात. हातात पक्कड. एकेक गळ उचलायचा, पकडीने काटा दाबून सपाट करायचा, बाजूला ठेवायचा. कोणी तुम्हाला सांगितलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा मान वर न करता म्हणालात, “बारक्या पोरांचे हात ते. काटो कित्याक व्हयो?”

काका, क्लबात पंचवीस-तीस वर्षं मासेमारी करणारे लोक आहेत. बिनकाट्याचा गळ काय असतो हे त्यांना माहीत आहे. काटा दाबला की माशाच्या तोंडालाही इजा कमी होते आणि सोडलेला मासा जगायला मदत होते, हेही माहीत आहे. दोरी सैल पडली तर एखादा मासा निसटेल, एवढंच काय ते नुकसान. तरी मुलांच्या गळांकडे पक्कड घेऊन एकही जण आजवर बसला नव्हता.

पण मी सांगणार आहे ते याच्याही पुढचं आहे, कारण मला सगळ्यात जास्त लागून राहिलं ते तेच. काटा दाबून झाल्यावर तुम्ही प्रत्येक गळ खिशातल्या रुमालात टोचून परत बाहेर ओढून बघत होतात. सहज निघाला तर ठीक. धागा जरासा जरी अडकला तरी पुन्हा पक्कड. शंभराच्या वर गळ होते. एकही तुम्ही तपासल्याशिवाय डब्यात टाकला नाहीत. जन्मभर एसटीच्या डेपोत ब्रेक तपासणाऱ्या हातांची ती सवय असेल. प्रवाशांचं नाव-गाव माहीत नसतानाही त्यांची गाडी कशी थांबेल याची काळजी केलेले ते हात. मी चहा तिथेच ठेवला आणि आत गेले, कारण मला रडू यायला लागलं होतं. त्या क्षणी तो तळहात धरून ओरडणारा मुलगाच डोळ्यांसमोर आला.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते तुम्हाला अर्धंच माहीत आहे, कारण तुम्ही तेव्हा पलीकडच्या काठावर पोरांना गांडूळ लावून देत होतात. सहा-सात वर्षांच्या एका मुलीने जोरात रॉड फिरवला आणि गळ मागे उभ्या असलेल्या तिच्या भावाच्या कानाच्या पाळीत घुसला. मी धावले. जाईपर्यंत त्याच्या आईने हाताने गळ धरला होता, आणि तो आला तसा सरळ बाहेर निघाला. रक्ताचा एक थेंब, एक चिकटपट्टी. मुलगा हुंदके देत पाच मिनिटं बसला आणि मग स्वतःच उठून आपल्या रॉडकडे गेला. त्याला नंतर तळहाताएवढा ब्लूगिल लागला, तो त्याने स्वतः पाण्यात सोडला. ती आई स्पॅनिश बोलणारी. असा गळ कसा काय, हे तिने मोडक्या इंग्रजीत मला विचारलं तेव्हा मी तुमच्याकडे बोट दाखवलं. तुमच्या हातात जेवणाची ताटली आणून ठेवणारी बाई ती हीच. तुम्हाला वाटलं ती सगळ्यांनाच वाढते आहे.

सोडून द्यायची ही रीत या खेळात पहिल्यापासून नव्हती. रे स्कॉट नावाच्या अलाबामाच्या विमा एजंटाने 1967 मध्ये आर्कन्सॉच्या बीव्हर लेकवर मोठी बास टूर्नामेंट भरवली, तेव्हा असले विचार कोणाच्या डोक्यात नव्हते. 1972 मध्ये त्यानेच मासे जिवंत ठेवा, परत सोडा, असा आग्रह धरला. पुढे बोटींत हवा खेळवणाऱ्या टाक्या आल्या, मेलेल्या माशाला गुण कापायला लागले. पाण्यातल्या जिवाची काळजी करायला आमच्या खेळाने शिकून पन्नासहून जास्त वर्षं झाली. काठावरच्या मुलांची काळजी त्याच हाताने का घेतली जाऊ नये, हे मी बैठकांमध्ये बोलत आले आहे. माझ्या बोलण्याने जे झालं नाही ते तुमच्या पकडीने झालं.

चांगुलपणा म्हणून मी आजवर देणग्या पाहिल्या, भाषणं ऐकली, बॅनरवरची नावं छापून घेतली. त्या लोकांनाही वाईट म्हणणार नाही, त्यांच्या पैशावर बर्फ येतो. पण ज्याचं तोंडही पाहिलेलं नाही अशा पोराचं बोट आदल्या रात्री आठवणारा माणूस मला फार थोड्या वेळा भेटला आहे. आमचा क्लब अशा माणसांवर उभा राहावा असं मला मनापासून वाटतं.

मागच्या आठवड्यात बैठक झाली. मुलांच्या कार्यक्रमात यापुढे काटा दाबलेलाच गळ, आणि तोही कापडात ओढून तपासलेला, असा नियम क्लबाच्या कागदावर चढला. विरोधात एकही हात वर झाला नाही. मुलाच्या तळहातात गळ रुतला तेव्हा कारभार बघणारा तो माणूसही बैठकीत होता, आणि त्यानेही हात वर केला, नियमाच्या बाजूने.

पुढच्या वर्षी आलात तर मार्चच्या सुमारास या. तेव्हा बास अंडी घालायला काठाजवळ येतात. तुम्हाला लेक फोर्कवर बोटीतून न्यायचं मी तुमच्या मुलाशी बोलून ठेवलं आहे. काकूंनाही आणा. क्लबाचा शर्ट तुमच्यासाठी बाजूला काढला आहे, मागे क्लबाचं नाव आणि पुढे खिसा आहे. फक्त माप कळवा. इथले मापाचे आकडे मोठे असतात, म्हणून तुमच्या एखाद्या सदऱ्याची छाती इंचांत मोजून मुलाला सांगा.

तुमची,
क्लबाची सेक्रेटरी